निवृत्तीनंतर जोडीदाराशी खटके उडतायत? या चुका टाळा

निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे मजेत जातात. धुसफूस सुरू होते ती त्यानंतर, आणि तीही अगदी फुटकळ कारणांवरून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घर ‘सुधारायला’ घेणं. कपाटातले डबे नव्याने लावायचे, फ्रीज उघडून झडती घ्यायची, दिवा कुणी चालू ठेवला म्हणून विचारायचं. ऑफिसातली हाताखालची माणसं सुटली, म्हणून जोडीदार त्यांच्या जागी येत नाही. घराची घडी तुमच्या गैरहजेरीत बसलेली असते. त्यापेक्षा एखादं काम अख्खं अंगावर घ्या. कपडे म्हणजे गोळा करण्यापासून घड्या घालून कपाटात ठेवेपर्यंत सगळं. ‘सांग, काय मदत करू?’ असं रोज विचारलं, की विचार करायचं काम पुन्हा समोरच्याच्याच गळ्यात पडतं. मात्र घड्या वेगळ्या पडल्या तर जोडीदारानेही त्या मोडून परत घालू नयेत. हे फार घरांत चालतं!

दुसरी चूक, सावलीसारखं मागे लागणं. ‘कुठे निघालीस? कधी येणार? मी काय करू?’ नोबुओ कुरोकावा या जपानी डॉक्टरांनी १९९१ मध्ये नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बायकांना जडणाऱ्या दुखण्यांना ‘निवृत्त नवरा सिंड्रोम’ असं नावच दिलं. दिवसातले काही तास तरी दोघांचे वेगवेगळे हवेत, आणि त्यांचा हिशेब मागू नये.

पैशांचं थोडक्यात: दरमहा किती येणार, कुठून येणार आणि कागदपत्रं कुठे आहेत, हे दोघांनाही माहीत असू द्या.

‘तू माझं ऐकतच नाहीस’ या भांडणात मात्र कधीकधी दोष कानांचा असतो. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी व्यंजनं निसटतात, बोलणं ऐकू येतं पण नीट उमगत नाही. त्यातून टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर वाद घालण्याआधी कान तपासून घ्या. तोवर दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका, समोर येऊन बोला.

चिडचिडीच्या जोडीला उदासी असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जा, शक्यतो दोघं मिळून.