सरकारी आरोग्य विम्यातून मुंबईत फिजिओथेरपिस्ट कसा शोधावा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला घरी सोडले, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डवर ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढी एकच ओळ होती. किती दिवस, कोठे आणि कोणाच्या खर्चाने, याचा त्यात उल्लेख नव्हता. घराजवळच्या दोन खासगी दवाखान्यांत योजनेचे कार्ड घेऊन गेलो आणि दोन्हीकडून परत आलो. सरकारी योजना मुख्यतः रुग्णालयांशी जोडलेल्या असतात, हे तेव्हा लक्षात आले. म्हणून शोधाची सुरुवात रुग्णालयापासून करावी.

आधी आपली योजना कोणती, ते पाहावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले अनेक कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, येतात आणि त्यांच्या अवलंबित कुटुंबीयांनाही उपचार मिळतात. या योजनेत दाखल न होताही बाह्यरुग्ण विभागात उपचार घेता येतात, त्यामुळे फिजिओथेरपीसाठी ती अधिक सोयीची आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यात किंवा योजनेच्या पॅनेलवरील डॉक्टरकडे ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयसीचे ओळखपत्र, आणि जुने रिपोर्ट घेऊन जावे व रुग्णालयासाठी संदर्भपत्र घ्यावे. कांदिवली, मुलुंड, अंधेरी अशा ठिकाणी या योजनेची रुग्णालये आहेत. पत्र लिहून घेतानाच तेथील फिजिओथेरपी विभागाचे वार आणि वेळ विचारून घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे गणित वेगळे आहे. त्यांचे ५ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. त्यामुळे रुग्ण खाटेवर असतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठावे आणि फिजिओथेरपी पॅकेजमध्ये आहे का, असल्यास घरी गेल्यावर ती किती दिवस मिळेल, हे स्पष्ट विचारावे. आम्ही हे विचारलेच नाही, आणि पहिले मोलाचे दिवस धावपळीत गेले. शंका राहिल्यास आयुष्मान भारतच्या १४५५५ या मदत क्रमांकावर फोन करावा.

विम्याची मुदत संपली तरी उपचार थांबवू नयेत. परळचे केईएम, शीव येथील लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे जे. जे. येथे केसपेपर काढून अल्प खर्चात फिजिओथेरपी घेता येते. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनासाठीची स्वतंत्र संस्थाही आहे. अर्धांगवायू झालेल्या किंवा अवयव गमावलेल्या रुग्णांसाठी तिचा विचार अवश्य करावा.

यांपैकी जवळचे रुग्णालय निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. फिजिओथेरपी आठवड्यातून अनेकदा घ्यावी लागते, आणि दुखरा गुडघा घेऊन दादरच्या रेल्वे पुलाचे जिने चढणारा रुग्ण तिसऱ्या खेपेला घरीच थांबतो. आईने कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो पूल चढला, तेव्हा मागची गर्दी थबकली होती. त्यानंतर आम्ही जवळचे रुग्णालय शोधले.

पहिल्या भेटीत डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, योजनेचे कार्ड, रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती एकाच पिशवीत न्याव्यात. घरी करायचे व्यायाम थेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्यावेत आणि त्यांची परवानगी असल्यास मोबाइलवर चित्रित करावेत. म्हणजे पुढची तारीख लांबली तरी व्यायामात खंड पडत नाही.