परदेशात दस्तार, कडे आणि कृपाण: जाण्याआधीची तयारी आणि तिथला रोजचा निभाव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी आणि पंजाबी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत, आणि माझ्यासारखी, माहेर मराठी व सासर शीख असलेली माणसेही इथे थोडी का होईना, आहेत. अशा घरांतील मुलामुलींना शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडा, ब्रिटन, अमेरिका येथे जायचे ठरले की घरात पहिली काळजी व्यक्त होते ती शीख वेशाची, म्हणजे दस्तार (शिखांची पगडी), कडे आणि कृपाण यांची. तिथल्या थंडीत, कचेरीत, विमानतळावर हे सारे कसे सांभाळले जाईल, असे आजी विचारते आणि आईलाही ठाऊक नसते. माझ्या अनुभवाने सांगते की ते सांभाळले जाते. मात्र त्यासाठी कापडापासून कायद्यापर्यंतची तयारी इथे, घरी असतानाच करावी लागते.

सर्वप्रथम जाणाऱ्याने स्वतःशी ठरवावे की आपले व्रत नेमके किती आहे. 1699 च्या वैशाखीला आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंहजींनी खालसा पंथ स्थापन केला, आणि अमृत घेतलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, शिखाने केश (न कापलेले केस), कंघा (लाकडी फणी), कडे (मनगटातले लोखंडी वलय), कच्छेरा (आखूड सुती चड्डी) व कृपाण (म्यानातील लहान खंजीर) ही पाचही चिन्हे सदैव अंगावर बाळगावीत, असा नियम आहे. अमृत न घेतलेले अनेक जण केश व दस्तार राखतात आणि कडे घालतात. या दोहोंपैकी आपण कोण, हे स्पष्ट असले पाहिजे, कारण परदेशातील शाळा, कचेरी किंवा न्यायालय बहुधा एकच गोष्ट तपासते: ही श्रद्धा प्रामाणिक आहे काय. जो मनुष्य सोमवारी कृपाण धारण करतो आणि मंगळवारी कपाटात ठेवतो, त्याची विनंती तिथे टिकणे कठीण असते.

उरलेल्या पोशाखाची चिंता करू नये. 1945 साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, कच्छेरा आणि दस्तार यांखेरीज वेशाचे कोणतेही बंधन नाही, आणि स्त्रीने दस्तार बांधावी की नाही हे तिच्यावर सोडले आहे. सूट, टाय, जीन्स, ओव्हरकोट यांतील काहीही दस्तारीबरोबर चालते. कुर्ता-पायजमा घातला तरच आपण नीट शीख दिसू, ही समजूत पालकांनी मुलांवर लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दस्तारीचे कापड आणि ती एकट्याने बांधणे

आपल्याकडे मराठी घरांत फेटा किंवा पगडी लग्नकार्यापुरती डोक्यावर चढते आणि समारंभ संपताच उतरते. दस्तार मात्र रोजची असते, दररोज नव्याने बांधली जाते आणि संध्याकाळी एकेक पेच (वळसा) उलगडत सोडली जाते. ती टोपीसारखी काढून खुंटीला अडकवण्याची वस्तू नव्हे, हे परदेशातील सहकाऱ्यांनाही पहिल्याच आठवड्यात समजले तर पुढचे बरेच प्रसंग टळतात.

कापड शक्यतो इथूनच न्यावे. उन्हाळ्यासाठी फुल वॉइल हलके पडते; थंड प्रदेशात रुबिया अधिक उपयोगी, कारण ते जाडसर असते आणि वाऱ्यात पेच सरकत नाहीत. लांबी सर्वसाधारणपणे पाच ते सहा मीटर लागते, पण डोक्याचा घेर, केसांचा जुडा आणि बांधण्याची पद्धत यांवर ती बदलते, म्हणून जी लांबी इथे सवयीची आहे तीच घ्यावी. दोन पट्ट्या जोडून दुहेरी पन्ह्याची दस्तार हवी असेल, तर साडीला फॉल-पिको करणाऱ्या दुकानात मधली शिवण आणि कडांचा पिको एकाच वेळी करून घ्यावा. शिवण जाड झाली तर ती कपाळावर वळ उमटवते, म्हणून पहिला नग बांधून पाहिल्याशिवाय बाकीचे शिवायला देऊ नयेत. गडद निळा, काळा, मरून असे कचेरीत कोणत्याही सुटावर चालणारे रंग आणि एखादी पांढरी, अशा सहा-सात दस्तारी पुरतात. गडद रंग इथेच दोन-तीन पाण्यांतून काढावेत, नाही तर परदेशातील पहिल्या पावसात तो रंग सदऱ्याच्या कॉलरवर उतरतो.

खरी अडचण पुढे आहे. दस्तार बांधण्यापूर्वी कापडाची पूनी करतात, म्हणजे दोघांनी दोन टोके धरून ते ताणायचे आणि लांबीच्या बाजूने घड्या घालत चार-पाच इंच रुंदीची सपाट पट्टी बनवायची. घरी वडील किंवा भाऊ दुसरे टोक धरतात. परदेशातील भाड्याच्या खोलीत सकाळी सात वाजता कोणी नसते. म्हणून जाण्यापूर्वी निदान महिनाभर मुलाला एकट्याने पूनी करायला लावावी. कापडाचे एक टोक दाराच्या मुठीला किंवा खिडकीच्या गजाला पक्के बांधावे, कापडावर पाण्याचा हलका फवारा मारावा, दुसरे टोक हातात घेऊन मागे सरकत ताण द्यावा, आणि ताण न सोडता घड्या घालत दाराकडे यावे. सुरुवातीला घड्या वाकड्या येतात आणि चिडचिड होते, पण हात बसला की हे काम काही मिनिटांत उरकते.

त्यानंतरचा क्रम असा ठेवावा. केस कंघ्याने विंचरून डोक्यावर, कपाळाच्या बाजूला थोडा पुढे, जुडा बांधावा. त्यावर पटका किंवा फिफ्टी (दस्तारीखालचा लहान रुमाल) घट्ट पण न आवळता बांधावी. पूनीचे एक टोक दातांत धरून पहिला पेच कपाळावरून तिरपा न्यावा, मग डोक्यामागून आणून दुसऱ्या बाजूने तितकाच तिरपा, असे आलटून पालटून पेच चढवावेत, आणि प्रत्येक पेच आधीच्या पेचापासून बोटभर सरकलेला असावा. शेवटचे टोक मागे खोचावे. दातांतील टोक सोडून, पसरून जुड्यावरून मागे न्यावे आणि तेही खोचावे. मग सलाईने (धातूच्या बोथट सळईने) कानाजवळचे केस आत सारून पेचांच्या कडा नीट कराव्यात. कान अर्धे झाकले गेले पाहिजेत, पण ऐकू येणे कमी होता कामा नये.

चष्मा दस्तार बांधून झाल्यावर, काड्या पेचांखाली सरकवून घालावा. डोक्यावरून पट्टी जाणारे हेडफोन बसत नाहीत, म्हणून कचेरीत मानेमागून येणारा किंवा नुसता कानात बसणारा संच मागून घ्यावा. जाकिटाची टोपी दस्तारीवरून ओढली जात नाही. त्याऐवजी उंच कॉलरचा कोट, मफलर आणि चांगली मोठी छत्री घ्यावी, कारण भिजलेले रुबिया जड होते आणि सुकायला वेळ घेते.

केस धुणे हा विषय घरातले लोक किरकोळ समजतात, पण तसा तो नाही. आपल्याकडे गच्चीवर उन्हात बसले की लांब केस वाळतात. टोरांटोच्या जानेवारीत ते शक्य नसते. ओल्या केसांवर दस्तार बांधण्याची सवय लागली की दुर्गंधी येते, डोक्याच्या त्वचेला बुरशीचा त्रास होतो, आणि जुडा रोज एकाच जागी घट्ट आवळला तर कपाळाजवळचे केस ताणाने विरळ होऊ लागतात. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केस धुवावेत, मंद उष्णतेच्या ड्रायरने मुळांपर्यंत वाळवावेत आणि रात्री सैल पटका बांधावा. दस्तारी यंत्रात धुवायच्याच असतील तर जाळीच्या पिशवीत घालाव्यात, अन्यथा पीळ बसून वॉइल फाटते.

कच्छेरा सुती असतो आणि कपडे वाळवण्याच्या यंत्रात आटतो, म्हणून थोडा सैल शिवून घ्यावा. त्यावर फार तंग जीन्स घातली तर तो मांडीशी गोळा होतो. सरळ शिवणीची पॅन्ट बरी. कंघा लाकडी असल्याने त्याबद्दल कुठेच कोणी काही विचारत नाही.

कडे आणि कृपाण: कुठे काय चालते

कडे हे बहुतेक ठिकाणी विनाअडथळा राहते. वेल्समधील एका मुलींच्या शाळेने विद्यार्थिनीला कड्यावरून वर्गाबाहेर ठेवले, तेव्हा 2008 साली ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने निकाल मुलीच्या बाजूने दिला. तिथल्या सरकारी रुग्णालयांत कोपराखाली दागिने चालत नाहीत, पण हात धुताना व रुग्णाला हाताळताना कडे दंडावर सरकवून घट्ट बसवण्याची मुभा आहे. म्हणून कडे सरकवता येईल इतके मोठे घ्यावे. एमआरआयच्या खोलीत मात्र लोखंडी कडे किंवा कृपाण कधीही नेऊ नये. तिथे चुंबकशक्ती जीवघेणी ठरू शकते, आणि या ठिकाणी श्रद्धेचा मुद्दा उपस्थित करणेही चुकीचे आहे.

कृपाणीबाबत सर्वाधिक काळजी लागते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे, आणि देशांतर्गत विमानात पाते 6 इंचांपर्यंत व एकूण लांबी 9 इंचांपर्यंत असलेली कृपाण शीख प्रवाशाला अंगावर ठेवता येते. ही सवलत आंतरराष्ट्रीय उड्डाणाला लागू नाही. ग्वाल्हेरहून दिल्लीपर्यंत आगगाडीने कृपाण घालून जाणाऱ्या मुलाने दिल्लीच्या विमानतळावर, सामान देण्यापूर्वीच, ती म्यानासह कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी. मध्ये विमान बदलायचे असेल आणि सामान थेट शेवटच्या ठिकाणी जाणार असेल, तर ती तिथेच परत मिळेल. त्या काही तासांत काय करावे, अगदी छोटी कृपाण गळ्यात ठेवावी की नाही, याविषयी पंथात एकमत नाही. आपल्या संगतीतील (गुरुद्वारात जमणाऱ्या समुदायातील) जाणत्यांना विचारून ठरवावे, आणि ती छोटी कृपाणही तपासनीसाला आधी दाखवावी.

कॅनडात 2017 पासून देशांतर्गत आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणांत 6 सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला परवानगी आहे, पण अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात नाही. अमेरिकेत कृपाण केबिनमध्ये नेताच येत नाही. 2006 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत कृपाणीवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरवले, परंतु ती म्यानात, कापडात शिवलेली आणि कपड्यांच्या आत असावी, या अटी त्या प्रकरणात कायम राहिल्या. ब्रिटनमध्ये 1988 च्या फौजदारी कायद्यात धार्मिक कारण हा बचाव मान्य आहे. माझा सल्ला असा की परदेशात कृपाण गात्र्यासह (ती अडकवण्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यासह) सदऱ्याच्या आत ठेवावी, ती कुणाला उत्सुकतेपोटीही काढून दाखवू नये, आणि प्रवासापूर्वी संबंधित देशाचा त्या आठवड्यातील नियम सरकारी संकेतस्थळावर पाहावा.

विमानतळावर दस्तारीची तपासणी होऊ शकते. अमेरिकेत यंत्राने इशारा दिला तर स्वतःच्या हातांनी दस्तार चाचपून मग हातांची रासायनिक चाचणी करून घेण्याची विनंती करता येते. दस्तार उलगडण्याची वेळ आलीच, तर खासगी खोली आणि पुन्हा बांधण्यासाठी आरसा, या दोन्ही गोष्टी शांतपणे पण ठामपणे मागाव्यात. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे.

कामाच्या जागी

नियुक्तिपत्र हाती आल्यावर, रुजू होण्यापूर्वी, व्यवस्थापनाला एक लहान पत्र लिहावे: मी शीख आहे, दस्तार व दाढी राखतो, अमुक चिन्हे अंगावर असतात, आणि कामाच्या सुरक्षेच्या नियमांशी त्यांचा कुठे संबंध येत असेल तर त्यावर आधी बोलू इच्छितो. लेखी आणि वेळेवर केलेली विनंती तक्रारीहून फार अधिक काम करते. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार मालकाला धार्मिक सोय करून द्यावी लागते, आणि 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती नाकारण्यासाठी त्याला मोठा बोजा पडत असल्याचे दाखवावे लागते.

हेल्मेटचा प्रश्न देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये मोटारसायकलसाठी 1976 पासून आणि बांधकामासाठी 1989 च्या कायद्याने दस्तारधारी शिखांना सूट आहे, व 2015 मध्ये ती काही अपवाद वगळून इतर कामाच्या ठिकाणीही वाढवली गेली. ही सूट घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: हेल्मेट असते तर जी इजा टळली असती, तिची भरपाई मालकाकडून मागता येत नाही. कॅनडात अशी सरसकट सूट नाही. 1985 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील एका शीख कामगाराविरुद्ध निकाल दिला होता. म्हणून कारखाना किंवा बंदरातील नोकरी स्वीकारण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. क्वेबेक प्रांतात 2019 च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर धार्मिक चिन्हे घालता येत नाहीत, आणि फ्रान्समध्ये 2004 पासून सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना दस्तार घालता येत नाही, मात्र विद्यापीठांना तो कायदा लागू नाही. शिक्षकी पेशाचा विचार करणाऱ्या मुलीने हे प्रवेश घेण्याआधीच जाणून घ्यावे.

दाढीसाठी खाद्यपदार्थांच्या कामात जाळी चालते. जिथे चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो, तिथे हवा आत सोडणारा सैल शिरस्त्राणाचा प्रकार मागावा. करोनाच्या काळात काही शीख डॉक्टरांनी ताणली जाणारी पट्टी हनुवटीखालून घेऊन दाढी झाकण्याची व तिच्यावर मुखवटा लावण्याची पद्धत वापरली, पण ती बसते की नाही याची चाचणी तिथेच करून घ्यावी लागते.

लोक विचारतात तेव्हा

बसमध्ये, वर्गात, दुकानात लोक विचारतील. त्यासाठी पाठ केलेले भाषण नको. दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. निघण्यापूर्वी मुलांना आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील दाता बंदी छोड गुरुद्वारात अवश्य न्यावे. जहांगीराने गुरू हरगोविंदजींना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते, आणि परंपरा अशी सांगते की सुटकेच्या वेळी त्यांनी 52 कळ्यांचा चोला (झगा) शिवून घेतला व एकेक कळी धरून 52 राजे त्यांच्याबरोबर बाहेर पडले. आपल्या अंगावरचे वस्त्र दुसऱ्याच्या उपयोगी पडते, ही गोष्ट मुलाला ठाऊक असली की उत्तर देताना तो ओशाळत नाही. मात्र प्रश्न विचारणारा उद्धट असेल किंवा दस्तारीला हात लावू पाहत असेल, तर समजावत बसू नये. एक पाऊल मागे घेऊन स्पष्ट नकार द्यावा आणि शाळेत किंवा कचेरीत त्याची लेखी नोंद करावी.

लहान मुलांबरोबर स्थलांतर करणाऱ्यांनी शाळा सुरू होण्यापूर्वी वर्गशिक्षिकेची भेट घ्यावी आणि दप्तरात एक जादा पटका, दोन रबरबँड व छोटा कंघा ठेवावा. खेळताना पटका सुटला तर तो कोणी बांधावा, हे शिक्षिकेला दाखवून द्यावे, व मुलाने आठव्या-नवव्या वर्षापर्यंत तो स्वतः बांधायला शिकावे. सायकलसाठी जुड्याला जागा असलेली मुलांची हेल्मेट आता कॅनडात मिळतात. ती घेताना मुलाला पटका बांधूनच दुकानात न्यावे आणि जुडा त्या जागेत नीट बसतो ना, हे आरशात नव्हे तर हाताने चाचपून पाहावे.