शंभर जणांची खिचडी शेवटच्या ताटापर्यंत गरम कशी ठेवावी

परळला टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालये एकमेकांच्या जवळ आहेत आणि बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथल्या पदपथांवर कित्येक दिवस काढतात. त्यांना आम्ही दर रविवारी दुपारी मुगाची खिचडी वाढतो. १०० माणसांना ७ किलो तांदूळ आणि ३ किलो मुगाची डाळ पुरते. पाणी ३५ लिटर धरावे. निवडणे, धुणे, फोडणी देणे यांत अवघड काही नाही.

खरी कसोटी लागते ती खिचडी शिजल्यानंतर. एका एप्रिलमध्ये सकाळची धावपळ टाळावी म्हणून आम्ही ती रात्री अकरालाच मोठ्या टोपात करून ठेवली आणि सकाळी वरवर गरम करून नेली. वीसेक ताटे वाढून झाली, डाव टोपाच्या मध्यापर्यंत गेला, तेव्हा आंबूस वास आला आणि खिचडीला तार सुटली. आम्ही धावत जाऊन ताटे परत मागितली. एका बाईंनी ताट देताना विचारले, “मुलाला दोन घास भरवलेत, चालेल ना?” मुलाची केमोथेरपी सुरू होती. आपण नातेवाइकांना वाढतो असे समजतो. त्यातले घास रुग्णाच्या तोंडी जातात.

तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात त्यांची वाढ होते आणि त्यातून तयार होणारे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. मोठ्या टोपाचा मध्य रात्रभर कोमटच राहतो. त्यामुळे “सकाळी परत उकळा, काही होत नाही” हा सल्ला कितीही अनुभवी आचाऱ्याने दिला तरी मुळीच ऐकू नये.

वाढायची वेळ साडेबाराची असेल, तर खिचडी साडेअकराच्या आधी चुलीवरून उतरवूच नये. २५ लिटरचे दोन उष्णतारोधक डबे घ्यावेत, त्यांत पंधरा मिनिटे उकळते पाणी भरून ठेवावे, ते ओतून टाकल्याबरोबर चुलीवरची खिचडी काठोकाठ भरावी आणि पहिला डबा संपेपर्यंत दुसऱ्याचे झाकण उघडू नये. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो. वाढण्यापूर्वी थर्मामीटरची सळई मधोमध खुपसून पाहावी. पारा ६० अंशांखाली असेल तर वाढू नये. नाकावर विसंबू नये, कारण या विषाला वास असतोच असे नाही. डब्यात खिचडी घट्ट होते, ती सैल करायला उकळते पाणीच वापरावे. ओले खोबरे किंवा दही घालू नये.

रांगेत म्हाताऱ्या माणसांना आधी घ्यावे. उरलेली खिचडी मात्र कोणी रात्रीसाठी मागितली तरी डब्यात भरून देऊ नये. त्यासाठी आम्ही केळी आणि बिस्किटांचे पुडे वेगळे ठेवतो.