दह्यातले गोलाणू सूक्ष्मदर्शकाखाली कसे पाहावेत

गोलाकार जीवाणू पाहायला ताजे दही पुरेसे आहे. त्यात ‘स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस’सारखे गोलाणू असतात, बरेचदा शेजारी दंडाणूही, म्हणजे काडीसारखे लांबट जीवाणू. साय काढलेल्या दुधाचे, आदल्या रात्री विरजलेले दही घ्या. चरबीमुळे रंग नीट बसत नाही. जुन्या आंबट दह्यातल्या पेशींची भित्ती कमकुवत झालेली असते, त्यामुळे जांभळ्या दिसायला हव्यात त्या पेशी लाल दिसतात.

काचपट्टी साबणाने, मग अल्कोहोलने पुसा. दोन टोकांना पाण्याचा एकेक थेंब ठेवा. डाव्या थेंबात वायरलूपच्या (टोकाला छोटे कडे असलेल्या तारेच्या) टोकाला लागेल एवढेच दही मिसळून पातळ पसरवा. उजव्या थेंबात गालाच्या आतून कापसाच्या काडीने हलकेच खरवडलेल्या पेशी घ्या. ही उजवी बाजू टाळू नका. रंगकाम बरोबर झाले की नाही, हे तीच सांगते. दोन्ही लेप हवेत पूर्ण वाळू द्या आणि काचपट्टी, लेपाची बाजू वर ठेवून, ज्योतीवरून तीनदा झटकन फिरवा. मागची बाजू हाताला सोसेल इतपतच तापावी, जास्त तापली तर पेशींचा आकार बिघडतो.

आता ग्रॅम रंजन, म्हणजे जीवाणूंना त्यांच्या भित्तीनुसार जांभळा किंवा लाल रंग देणे. हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) 1 मिनिट, पाण्याने धुवा. ग्रॅम यांचे आयोडीन द्रावण 1 मिनिट, पुन्हा धुवा. मग पट्टी तिरकी धरून 95 टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडा. ओघळणारे पाणी जांभळे यायचे थांबले की लगेच धुवा. साधारण 10 ते 20 सेकंद लागतात. सगळी गडबड होते ती इथेच. गोलाणूंच्या पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीदार पदार्थाच्या जाड भित्तीत व्हायोलेट-आयोडीनचे संयुग अडकून राहते, पण अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर तेही निघून जाते. शेवटी सॅफ्रानिन (लाल रंग) 45 सेकंद, धुवा आणि टिपकागदाने टिपा, घासू नका.

आधी 10एक्सवर लेप शोधा, मग 40एक्स, मग सूक्ष्मदर्शकाच्या खास तेलाचा (इमर्शन ऑइल) थेंब टाकून 100एक्स. 40एक्सच्या भिंगाला तेल लागू देऊ नका.

गालाच्या पेशीला भित्ती नसते, म्हणून तिचे केंद्रक लाल दिसायला हवे. जांभळे दिसले तर अल्कोहोल कमी पडले, नवा लेप करा. ही पेशी सुमारे 60 मायक्रोमीटर रुंद, तर गोलाणू जेमतेम 1 मायक्रोमीटरचा आणि केंद्रकाविना. त्याचा डीएनए पेशीद्रवातच असतो. गालाच्या पेशीवर कधी कधी तोंडातले गोलाणू चिकटलेले सापडतात, तेव्हा हा फरक एकाच नजरेत दिसतो.

दह्याच्या लेपात जांभळ्या जोड्या आणि माळा शोधा. गोलाणू दर वेळी एकाच प्रतलात विभागून चिकटून राहिले की माळ होते. स्टॅफिलोकॉकस हा दुसरा गोलाणू अनेक प्रतलांत विभागतो, म्हणून त्याचे घोस होतात. मधले गुलाबी, आकारहीन गोळे म्हणजे केसीन, दुधातले प्रथिन. तेच सगळीकडे दिसत असेल तर दही जास्त झाले आहे.

वापरलेली पट्टी आणि काडी ब्लीचच्या द्रावणात बुडवूनच टाका.