ट्रंक रेडिओवर नुसती घरघर येते? या चुका टाळा

चिक्कोडी भागातल्या एका साखर कारखान्यात वॉकीटॉकीची देखभाल बघणारा पोरगा ऐन गाळपात माझ्याकडे आला. हातात डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. "काका, डोंगल खराब निघालाय. नुसतं घर्र वाजतंय." लावून बघितला, तर डोंगल ठणठणीत! तो ज्याला खराबी म्हणत होता, तोच कंट्रोल चॅनेल होता.

बहुतेकांचं इथंच चुकतं. ट्रंक यंत्रणेत मोजके चॅनेल सगळे गट वाटून वापरतात, कुठल्याच गटाला स्वतःची कायमची फ्रिक्वेन्सी नसते. कुणाला कुठला चॅनेल द्यायचा हे सांगणारा डेटा कंट्रोल चॅनेलवर अखंड चालू असतो, तोच घर्र वाजतो. कुणी बटण दाबलं की त्याच्या टॉकग्रुपला, म्हणजे बोलणाऱ्यांच्या गटाला, त्या क्षणी मोकळा असलेला चॅनेल मिळतो, बोलणं संपलं की तोच दुसऱ्या गटाला जातो. एकाच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलात तर प्रश्न ऐकू येईल, उत्तर भलत्याच चॅनेलवर जाईल. आधी कंट्रोल चॅनेल भरा, मग टॉकग्रुप. डिजिटल रेडिओच्या जाती वेगवेगळ्या; यंत्रणा डीएमआर आहे, टेट्रा की पी25, हेही बघा. डिकोडर, म्हणजे डेटातून आवाज काढणारा प्रोग्राम, त्याच जातीचा लागतो.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त डोंगलचा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, 50 पीपीएमने (दहा लाखांत 50 भागांनी) चुकला, तर 400 मेगाहर्ट्झवर तब्बल 20 किलोहर्ट्झचा फरक पडतो. डीएमआरचा चॅनेलच मुळात 12.5 किलोहर्ट्झचा! डोंगल पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मगच पीपीएम जुळवा.

गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची पातळी, शेवटपर्यंत चढवू नका. जवळच्या एफएम केंद्राचा जोर मोठा असतो, मग नसलेले सिग्नल जागोजागी उगवतात. गेन हळूहळू उतरवा. खरा सिग्नल तग धरतो.

अँटेना उभीच ठेवा. 400 मेगाहर्ट्झला तिची लांबी तरंगलांबीच्या पाव, साधारण 19 सेंटीमीटर. आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. त्या पोराच्या केबलचा कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज, केबलमधली तारांची जाळी काळी पडलेली. पावसाळ्यात मुरलेलं पाणी हंगामात बाधलं होतं. सांध्यावर रबरी टेप ताणून गुंडाळा. वळिवाची वीज कडाडायला लागली की केबल काढून ठेवा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. पोलिसांचं किंवा परक्याचं बोलणं चोरून ऐकू नका. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. इथं कारखान्याची स्वतःची यंत्रणा होती, परवानगी हातात होती.

कनेक्टर बदलला, पीपीएम जुळवला. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून फोन केला आणि तो स्पीकरजवळ धरला. स्वच्छ आवाज आला: "गव्हाण भरलीया, गाड्या थांबवा."