वेल्समध्ये जुनी कबर शोधताय? आधी घराचं नाव विचारा, आणि या चुका टाळा

पहिल्या खेपेला आम्ही वायव्य वेल्समधल्या ल्हीन द्वीपकल्पातल्या एका चर्चच्या आवारात चार तास भिजलो आणि एकाच नावा-आडनावाच्या सहा जणी सापडल्या. सासूबाईंना त्यांच्या खापरपणजीची कबर बघायची होती, गुडघे चालतायत तोवर. नवरा ओळीने दगड वाचत होता, मी फोटो काढत होते. सासूबाई चर्चच्या दारातल्या बाकावर बसून दर दहा मिनिटांनी मिळाली का म्हणून विचारत होत्या. मिळाल्या होत्या सहा. आपली कोणती, ते कुणालाच सांगता येईना.

मी साताऱ्याची. आमच्याकडे माणूस गेलं की अस्थी संगम माहुलीला. कबर हुडकायची वेळ आमच्या घरात कुणावर आली नव्हती, लग्नानंतर ती माझ्यावर आली. तीन खेपा आणि दोन वर्षं गेली, तेव्हा कुठे काम झालं. आता सासर वेल्सचं असलेल्या दोन-तीन मराठी मैत्रिणी मलाच विचारतात, म्हणून आमच्या चुका एकदा लिहूनच काढते.

आडनावाच्या मागे लागणं

ही सगळ्यात मोठी चूक. वेल्समध्ये जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, थॉमस एवढ्यांतच अर्धं गाव संपतं. याचं कारण मराठी माणसाला पटकन कळावं, कारण आपण अजूनही मधलं नाव वडिलांचं लावतो. वेल्समध्ये पूर्वी आडनाव नव्हतंच. मुलाच्या नावापुढे 'आप' किंवा 'आब' लावून बापाचं नाव, मुलीच्या नावापुढे 'वेर्ख' लावून बापाचं नाव. पुढे या जोडण्या आक्रसल्या. आप ह्रीसचा प्राइस झाला, आप हौएलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन, आप हॅरीचा पॅरी. खेड्यापाड्यांत तर एकोणिसाव्या शतकातही बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव अशी पद्धत काही घरांत चालू होती. म्हणजे बाप जॉन विल्यम्स आणि मुलगा जोन्स (जॉनचा) असू शकतो. वंशावळीच्या वेबसाइटवर एकच आडनाव धरून मागे मागे गेलात, तर तिसऱ्या पिढीला परक्याच्या घरात शिरलात म्हणून समजा.

बायकांचं आणखी वेगळं. लग्न झालं तरी कागदोपत्री किंवा दगडावर माहेरचंच नाव, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. आमची खापरपणजी शेवटी सापडली, तेव्हा दगडावर जोन्स नव्हतंच. माहेरचं नाव, खाली नवऱ्याचं नाव, आणि त्याखाली घराचं नाव. त्या सहा जोन्सबायकांचे मी काढलेले पन्नासेक फोटो अजून फोनमध्ये आहेत.

तेव्हा घराचं नाव शोधा. कोकणात 'कुणाचे तुम्ही' विचारतात ना, तसं तिथे शेताच्या, घराच्या नावाने माणूस ओळखतात आणि दगडावरही बऱ्याचदा तेच कोरतात. ते मिळतं जनगणनेत. 1841 पासून दर दहा वर्षांची, घरानुसार, 1921 पर्यंतची बघता येते. 1931 ची आगीत गेली. दुसरी जागा म्हणजे चर्चचं दफन-रजिस्टर. 1813 पासून त्यात छापील रकाने आहेत: नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय, विधी कुणी केला. कबर आवारात कुठे आहे, हे त्यात नसतं. नातं नसतं. पण 'राहण्याचं ठिकाण' हा रकाना सोन्यासारखा. मृत्यूच्या दाखल्यावर (हे 1 जुलै 1837 पासूनचे मिळतात) दफन कुठे झालं ते लिहिलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्याकडून ती अपेक्षा धरू नका. मृत्यू कुठे झाला आणि खबर कुणी दिली, तेवढं त्यातून घ्या.

घराचं नाव मिळालं की नकाशा उघडा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचे) नकाशे फुकट आहेत, त्यांत वेल्सही आहे, आणि एकेका शेतघराचं नाव त्यावर छापलेलं आहे. आमचं घर 'टी नेउइद' निघालं, म्हणजे 'नवं घर'. नव्या घरांचा वेल्समध्ये सुकाळ आहे! तेव्हा जनगणनेच्या पानावर वर-खाली कुणाची घरं आहेत तेही टिपून घ्या. शेजार जुळला तर घर तुमचं.

चर्च की चॅपल, हे न ठरवता निघणं

एकोणिसाव्या शतकातले बहुतेक धार्मिक वेल्श लोक अँग्लिकन चर्चला, म्हणजे तेव्हाच्या सरकारी चर्चला, जातच नव्हते. ते चॅपलवाले, म्हणजे त्यापासून वेगळ्या झालेल्या पंथांचे: कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट, वेस्लियन. चॅपल गावात असतं, पण त्याची दफनभूमी कधी मागच्या अंगणात, कधी मैलभर लांब माळावर, कधी मुळीच नाही. दफनभूमी नसली की चॅपलची माणसंही पॅरिश चर्चच्याच (गावच्या अँग्लिकन चर्चच्या) आवारात जायची. म्हणून 'आमचे लोक चॅपलचे, चर्चमध्ये कशाला बघू' हेही चूक आणि 'चर्चच्या रजिस्टरात नाही म्हणजे गावात नाही' हेही चूक.

इथे एक साल लक्षात ठेवा: 1880. तोवर चर्चच्या आवारात पुरायचं तर विधी अँग्लिकन पद्धतीनेच करावा लागे. त्या वर्षीच्या कायद्याने, रेक्टरला (तिथल्या अँग्लिकन पाद्र्याला) आधी सूचना देऊन, आपापल्या पद्धतीने दफन करता येऊ लागलं. अशा नोंदीत विधी करणाऱ्याच्या रकान्यात किंवा बाजूला त्या कायद्याचा उल्लेख असतो. तो दिसला की समजायचं, कुटुंब चॅपलचं होतं. मग चॅपलचे वार्षिक अहवाल, त्या पंथाची मासिकं आणि त्यांतले मृत्युलेख उघडायचे.

कायदा आला म्हणून सगळे रेक्टर सरळ झाले नाहीत. 1888 साली ल्हानव्रोथेनला एका म्हाताऱ्या खाणकामगाराची शेवटची इच्छा होती, मुलीशेजारी आपल्याला पुरावं, मेथडिस्ट पद्धतीने. रेक्टरने नाकारलं. एका तरुण वकिलाने घरच्यांना सांगितलं, आवाराचं कुलूप तोडा आणि आत जा. त्यांनी तोडलं. खटला लंडनपर्यंत गेला आणि कुटुंब जिंकलं. त्या वकिलाचं नाव डेव्हिड लॉइड जॉर्ज, वय पंचवीस. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याची स्वतःची कबर मात्र कुठल्याच चर्चच्या आवारात नाही, ल्हानस्टिमडुईला द्विवोर नदीच्या काठावर एका मोठ्या धोंड्याखाली आहे.

शहरातले लोक असतील तर वेगळा विचार करा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरांतली चर्चची आवारं भरून बंद झाली आणि सार्वजनिक दफनभूम्या निघाल्या, जशी कार्डिफची कथेज, 1859 ची. तिथल्या नोंदी कौन्सिलकडे, प्लॉट नंबरासकट. हे काम एका ईमेलमध्ये होतं. खेड्याचं होत नाही.

भलत्याच गावाला जाणं

'ल्हान' म्हणजे चर्चभोवतीचं कुंपण, पुढे संताचं नाव. मेरीचं चर्च म्हणून ल्हानवैर, मायकेलचं म्हणून ल्हानविहँगेल, आणि ही दोन्ही नावं आपल्या वडगाव-पिंपळगावांसारखी जिथे-तिथे. पुढचा शब्द सोडून गाडी काढू नका. स्पेलिंगही बदललेली आहेत: कार्नार्व्हनचं कायर्नार्वोन, कॉनवेचं कॉनवी. जिल्हे 1974 ला बदलले, 1996 ला पुन्हा. जुन्या कागदावर मेरियोनेथशर असेल तर आज बहुधा ग्विनेदमध्ये बघा. फॅमिली हिस्टरी सोसायट्यांची (वंशावळी शोधणाऱ्यांच्या स्थानिक मंडळांची) नावं मात्र कुठे जुन्या जिल्ह्याची, कुठे 1974 च्या जिल्ह्याची असतात.

दगड इंग्रजी समजून वाचणं

आम्ही पहिल्या दिवशी निम्मे दगड सोडून दिले, कारण ते वेल्शमध्ये होते. नवऱ्याला वेल्श येत नाही, सासूबाईंना येतं, पण त्या बाकावर. आता माझा घरगुती शब्दकोश असा: 'एर कोव आम' म्हणजे 'च्या स्मरणार्थ'. 'बी वारू' म्हणजे वारले (हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आवरलं नाही, इतका आपला वाटतो). 'हेविद' म्हणजे 'तसेच'; हे आडनाव नव्हे, याच्यापुढे त्याच कबरीतलं पुढचं माणूस सुरू होतं. 'म्लुइद ओइड' म्हणजे वय वर्षे. 'अर इखोड' म्हणजे 'वरील', म्हणजे वर ज्याचं नाव आलं त्याची बायको किंवा मुलगा. महिन्यांत 'मेहेविन' जून आणि 'गोर्फेनाव' जुलै.

आणि एक गंमत, जी न कळल्याने शोध अडतो. आपण पुणे म्हणतो पण पुण्यात जातो. शब्दाचं शेपूट बदलतं. वेल्शमध्ये शब्दाचं डोकं बदलतं. 'मेर्ख' म्हणजे मुलगी, तिची 'वेर्ख' होते. 'ग्व्राइग' म्हणजे बायको, तिची 'व्राइग'. गाव पुल्हेली, पण पुल्हेलीत म्हणायचं तर 'अम म्हुल्हेली'. दगडावरचं गाव नकाशात मिळालं नाही, तर पहिलं अक्षर बदलून बघा. लिपी रोमन असली तरी एफचा उच्चार 'व', दोन एफ असतील तर 'फ', आणि डब्ल्यू हा बऱ्याचदा चक्क स्वर, 'ऊ'. नावाखाली चार छोट्या ओळी दिसल्या तर तो बहुधा 'एंगलिन', तीस अक्षरांचा बांधीव छंद. त्यात कधी कधी माणसाचा धंदा किंवा स्वभाव येतो. फोटो काढून ठेवा आणि कुणाकडून तरी वाचून घ्या.

घासणं

तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ, शेव्हिंग फोम, यातलं काहीही नको. उत्तरेकडे बहुतेक दगड पाटीचे, आपल्या लहानपणच्या दगडी पाटीचेच भाऊबंद. त्यावरची अक्षरं दीडशे वर्षांनीही कालच कोरल्यासारखी असतात, फक्त प्रकाश हवा. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, अक्षरं वर येतात. ऊन असेल तर आरसा. दक्षिणेकडच्या वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात, त्याला हातही लावू नका. झुकलेल्या दगडाला टेकू नका आणि लहान मुलांना तर टेकूच देऊ नका, दगड अंगावर पडून माणसं मेलेली आहेत. पडलेला उलटा दगड सरळ करायचा असेल, तरी चर्चची परवानगी लागते.

दगडावर नाव म्हणजे खाली माणूस, असं धरणं

ल्हीन दर्यावर्दींचा मुलूख. एका दगडावर आई, बाप, आणि 'हेविद' म्हणून मुलगा, पुढे ओळखीचा शब्द: बॉम्बे. मी दोनदा वाचलं. तो मुलगा तिथे नव्हताच, फक्त नाव आणलं होतं. समुद्रात गेलेल्यांचं, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचंही असंच. बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या चर्चच्या दफन-नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांचा क्रमांक एन/3 ने सुरू होतो. एवढं एका मराठी माणसाला ठाऊक असलेलं बरं.

उलटंही होतं. माणूस खाली आहे, दगड नाही. गरिबाला दगड परवडला नाही, किंवा गवत कापायला सोपं जावं म्हणून दगड उचलून भिंतीला लावले. अशा वेळी स्थानिक फॅमिली हिस्टरी सोसायटीने केलेली दगडांची यादी मागा. स्वयंसेवकांनी काही दशकांपूर्वी दगडन् दगड वाचून ठेवलाय, आज न दिसणारा मजकूर त्यात असू शकतो. आवाराचा नकाशा असेल तर चर्चची व्यवस्था बघणाऱ्या वॉर्डनकडे, नाहीतर ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये किंवा काउंटीच्या अभिलेखागारात विचारा. याच लायब्ररीची जुनी वर्तमानपत्रं 1919 पर्यंतची ऑनलाइन, फुकट आहेत. अंत्ययात्रेच्या बातमीत दफनभूमीचं नाव हमखास असतं. शोधताना वेल्श शब्द टाका: 'मनवेन्ट' म्हणजे दफनभूमी.

आणि धरण. कोयना-मुळशीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी 1965 साली कापेल केलिन हे गाव तळ्याखाली गेलं. काही घरांनी आपली माणसं काढून दुसरीकडे नेली, बाकीची पाण्याखालीच राहिली. एकोणिसाव्या शतकात जुनं ल्हानूदिन गाव असंच पाण्याखाली गेलं. नकाशावर गावाच्या जागी निळा रंग दिसला तर चर्चयार्ड शोधायला बूट घालू नका, आधी फोन करा.

चुकीच्या दिवशी जाणं

हे आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी वेल्समध्ये 'सील अ ब्लोदाय' असतो, फुलांचा रविवार. त्या दिवशी लोक आपल्या कबरी घासून-धुऊन फुलं ठेवतात. एरवी ज्या आवारात मेंढ्यांशिवाय कुणी नसतं, तिथे बादल्या घेतलेली माणसं भेटतात, आणि कुठल्या कोपऱ्यात कोण आहे हे त्यांना पाठ असतं.

तिसऱ्या खेपेला आम्ही त्या रविवारी गेलो. एक म्हातारे गृहस्थ डॅफोडिल्स बरणीत खोचत होते. सासूबाईंनी खापरपणजीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, अशा पुष्कळ. मग सासूबाईंनी घराचं नाव सांगितलं. ते उठले, हात पँटीला पुसले, आणि आयव्ही चढलेल्या भिंतीकडे चालायला लागले. दगड वाचून झाल्यावर दोघं वेल्शमध्ये बोलत राहिले, टी नेउइदची कुठली पोर कुणाकडे दिली, कुणाचं काय झालं. नवऱ्याला आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. थर्मासमधला चहा दोनदा ओतला, दोनदा गार झाला.