पहिलं शिलाई मशीन घ्यायला निघण्याआधी

मशीन बघायला जाण्याच्या आदल्या रात्री एक कागद घ्या आणि येत्या वर्षभरात तुमच्या हातून खरंच काय शिवून होणार आहे ते लिहून काढा. उशीचे अभ्रे, पडदे, कापडी पिशव्या, लहान मुलांचे सुती कपडे, उसवलेली शिवण, लांब झालेल्या पॅन्टची मुडप. बहुतेकांची यादी इथेच संपते, आणि एवढ्याला दोन टाके पुरतात: सरळ टीप आणि झिगझॅग. सोबत उलटी टीप मारायचा खटका आणि काज करायची सोय असली की पहिली दोन-तीन वर्षं काही अडत नाही. यादीत टी-शर्टचं ताणणारं कापड असेल तर त्याखाली रेघ मारा, कारण त्याला अरुंद झिगझॅग आणि गोल टोकाची वेगळी सुई लागते. जीन्स असेल तर पुढे लिहा, क्वचित की रोज. क्वचित एखादी मुडप साधं घरगुती मशीन मारून देतं. रोज जाड कापड शिवायचं असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही.

हा कागद जवळ असला की खोक्यावर ठळक छापलेली टाक्यांची संख्या तुम्हाला भुलवत नाही. वीस नक्षीदार टाके देणाऱ्या मशीनवर टाक्याची लांबी बदलायचं स्वतंत्र बटण नसेल, तर ते मशीन मी नवशिक्याला घेऊ देणार नाही. रोजच्या सुती कापडाला साधारण २.५ मिलिमीटरचा टाका लागतो, पातळ कापडाला २ च्या आसपास, आणि चुण्या घालायला किंवा कच्ची टीप मारायला ४. तीन कामांना तीन लांब्या लागतात, म्हणून लांबी आपल्या हातात हवी. झिगझॅगची रुंदीही कमी-जास्त करता आली तर उत्तम. ५ मिलिमीटरपर्यंत गेली तरी भरपूर झाली.

साधं म्हणजे कमअस्सल, ही भीतीही मनातून काढून टाका. एलियस हाउ या अमेरिकन संशोधकाला १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट मिळालं त्यात टोकाशी नेढं असलेली सुई होती आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूने फिरणारा दुसरा दोरा होता. आजही घरगुती मशीन टाका घालतं ते याच पद्धतीने: वरचा दोरा खाली जातो, खालच्या दोऱ्याभोवती अडकतो आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध बसते. ही गाठ नीट बसवायला स्क्रीन लागत नाही. लागतो तो घट्ट सांगाडा आणि नेमकेपणाने फिरणारा हूक, म्हणजे वरचा दोरा पकडून खालच्या दोऱ्याभोवती नेणारा आकडा. म्हणून मशीन उचलून बघा. आत धातूचा सांगाडा असलेलं छोटं इलेक्ट्रिक मशीनही पाच-सहा किलोंच्या घरात भरतं, आणि वेगात शिवताना टेबलावर सरकत नाही.

आता त्या मुठीत मावणाऱ्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या मशीनबद्दल. माझं पहिलं मशीन तसलंच होतं. दोन पदरांवर बरं चालायचं, पण पिशवीचा बंद जोडायला गेले की चार पदरांवर सुई अर्ध्यात थांबायची. त्या वर्षी मी शिवणच सोडली, कारण मला वाटलं आपल्या हातालाच ते जमत नाही. पुढे एका ओळखीच्या बाईंच्या साध्या जुन्या मशीनवर तोच बंद एका दमात शिवला तेव्हा कळलं की हाताचा दोष कधी नव्हताच. हातात धरून चालवायच्या मशीनपैकी बरीचशी एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतात. शेवटचं टोक पक्कं केलं नाही तर ओढल्यावर अख्खी ओळ सुटते. प्रवासात एखादी मुडप टाचायला ते ठीक. शिकायला मुळीच नको.

पैशांचा हिशेब करताना सगळे पैसे मशीनवर लावू नका. साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवा: फक्त कापडासाठी राखलेली धारदार कात्री, टाके उसवायचा रिपर, टेप, खडू, टाचण्या, सुयांची दोन पाकिटं, चांगला दोरा, आणि मशीनला बसणाऱ्या निदान सहा जादा बॉबिन, म्हणजे खालचा दोरा गुंडाळायच्या छोट्या चकऱ्या. मशीनसोबत काय येतं ते तिथेच खोकं उघडून बघा. चेन लावायचा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) आणि काजाचा फूट आतच असेल तर तेवढे पैसे वाचले.

चालवायचं कशावर, याचा निर्णय घरीच करून ठेवा. हाताने फिरवायच्या मशीनमध्ये एक हात चाकावर अडकतो, पण वेग पूर्ण ताब्यात राहतो. पायमशीनला वीज लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. जागा मात्र कायमची द्यावी लागते. इलेक्ट्रिक मशीन कपाटात ठेवता येतं, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. त्याच्या पाटीवरचे व्होल्ट वाचा. ११०-१२० व्होल्टची मोटर २२०-२४० च्या विजेवर लावली तर जळते, आणि परदेशातून कुणी प्रेमाने आणलेली मशीनं अशीच वाया जातात.

आता मशीन बघायला जाताना न्यायची पिशवी भरा. हा या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच कुणी करत नाही. मध्यम जाडीच्या सुती कापडाचे दोन वीतभर तुकडे घ्या. एक पातळ, झुळझुळीत तुकडा, एक जुन्या जीन्सचा, एक टी-शर्टचा. दोन रंगांचे एकाच जाडीचे दोरे, शक्यतो एक गडद आणि एक फिका. ८० आणि ९० नंबरच्या नव्या सुया आणि छोटी कात्री. स्वतःचं कापड कशासाठी, तर दुकानात दाखवायला म्हणून बहुतेक वेळा कडक, खळ दिलेलं कापड ठेवलेलं असतं, आणि त्यावर कुठल्याही मशीनची टीप सुरेख दिसते. तुमच्या घरातलं मऊ, धुवून पातळ झालेलं कापड मशीनला इतकं सांभाळून घेत नाही.

दुकानात वर एक रंग, बॉबिनवर दुसरा, असं ओवायला सांगा. किंबहुना स्वतःच ओवा, तेवढंच मशीन हाताखालून जाईल. ओवताना प्रेसर फूट वर उचललेला हवा. सुई सगळ्यात वर आणा, दोन्ही दोरे फुटाखालून मागे घ्या, फूट खाली टाका, आणि पहिले पाच-सहा टाके हाताने चाक फिरवून घाला. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. कुठे अडखळतंय, घासतंय, जड जातंय का, हे बोटांना लगेच कळतं. मग पायाने शिवा आणि तुकडा डोळ्यांजवळ धरा. वरच्या बाजूला खालच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे ठिपके दिसले तर तो कमी आहे. ताणाचं बटण एक-एक आकड्याने फिरवून दोन्ही रंग आपापल्या बाजूला राहतात का ते बघा. साधारण मधल्या आकड्यांवर हे जमलं तर मशीन निरोगी समजा. बटण टोकाला नेऊनही जमत नसेल तर पुढचं मशीन बघा.

मग जीन्सच्या तुकड्याची दुहेरी घडी घालून चार पदर करा, ९० ची सुई लावा आणि दोन पदरांवरून चार पदरांवर चढा. इथे वेग नको, चढण्याची ताकद बघायची आहे. टाके अचानक बारीक होतात का, एखादा टाका सुटतो का ते मोजा. पातळ तुकड्यावर उलट परीक्षा: सुरुवातीलाच कापड सुईच्या भोकात ओढलं जातं का, टीप आकसते का. टी-शर्टच्या तुकड्यावर अरुंद झिगझॅग मारा आणि हलकेच ताणून बघा, टीप तुटते की कापडाबरोबर लांबते. तुमच्या यादीत टी-शर्ट असेल आणि पाकिटात गोल टोकाची सुई असेल तर ही परीक्षा त्याच सुईने घ्या. शेवटी सुती तुकड्यावरून दोन्ही हात क्षणभर उचला. खालचे दाते कापड सरळ मागे नेतात की तिरपं, ते दिसेल. आणि पाय अगदी हलका ठेवून मशीन एकेक टाका घालत चालतं का, हे जरूर बघा. घरगुती मशीनचा कमाल वेग मिनिटाला ७००-८०० टाक्यांच्या आसपास असतो, पण नवशिक्याला तो वेग नको असतो. त्याला हवं असतं मुंगीच्या पावलाने चालणारं मशीन. पाय ठेवताच उसळी मारणारं मशीन माणसाला घाबरवतं, आणि घाबरलेला माणूस महिन्याभरात त्यावर कापड झाकून ठेवतो.

बॉबिन वरून बसते की समोरून, तेही विचारा. वरून बसणाऱ्या बॉबिनवर पारदर्शक झाकण असतं, दोरा संपत आला की दिसतो. शिकताना मला तीच सोयीची वाटते. समोरच्या प्रकारात बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती छोटी डबी, काढून हातात घेता येते. दोऱ्याला धरून ती लोंबकळत ठेवा आणि हलका झटका द्या. ती किंचित खाली सरकून थांबायला हवी. धाडकन उतरली तर ताण ढिला, जागची हललीच नाही तर फार घट्ट. केसवरचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवला की सुधारतो. बॉबिन दिसायला सारख्या असल्या तरी एक दुसरीच्या जागी चालत नाही. १५ क्लास आणि एल क्लास ही बॉबिनच्या मापांची नावं; दोन्ही साधारण २० मिलिमीटर व्यासाच्या, पण पहिली जवळपास १२ मिलिमीटर रुंद आणि दुसरी ९. चुकीची घातली की दोरा अडकतो आणि आपण ताणाचं बटण पिरगाळत बसतो. म्हणून मशीनसोबत आलेली एक बॉबिन नमुना म्हणून जपून ठेवा.

सुईचंही तसंच. आजच्या बहुतेक घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची १३०/७०५ एच या पद्धतीची सुई लागते. पाकिटावर कधी १५×१ असंही लिहिलेलं असतं. नंबर म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेली जाडी, म्हणजे ९० ची सुई ०.९ मिलिमीटर जाड. घ्यायच्या मशीनला दुसरीच काही सुई लागत असेल तर ती सहज मिळते का, हे आधी बघा.

जुनं मशीन मिळत असेल तर मी तरी त्याला आधी हात लावून बघते. धातूची जुनी मशीनं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. आत गंज आहे का, पट्टा चिरलाय का, वायर कडक होऊन तडकली आहे का हे बघायचं. चाक फिरत नसेल तर बऱ्याचदा फक्त तेल सुकून चिकट झालेलं असतं, पण तो अंदाज दुरुस्ती करणाऱ्यालाच करू द्या. बॉबिन आणि सुया आज मिळत नसतील तर मशीन कितीही देखणं असो, सोडून द्या. मॉडेलचा नंबर टिपून त्याची माहिती पुस्तिका मिळते का तेही बघा. नव्या मशीनबद्दल दोनच प्रश्न: दुरुस्ती कोण करतं, आणि मोटरची हमी वेगळी आहे का.

आणि घरी आल्यावर? माझ्या मावशीने नवं मशीन सहा महिने गुंडाळून ठेवलं होतं. कापडाखाली दोऱ्यांचा गुंता व्हायचा, नुसतं घरटं. गुंता खाली, म्हणून ती रोज बॉबिनच काढून घालत बसायची. दोनदा दुरुस्तीला देऊन झालं होतं. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझे हातच जड आहेत, मला नाही यायचं हे." मी शेजारी बसून फक्त तिला ओवताना पाहिलं. फूट खाली होता. फूट खाली असला की ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरून निसटतो, वरच्या दोऱ्याला ताणच उरत नाही आणि तो सगळा खाली जाऊन साचतो. "मावशी, फूट वर कर आणि परत ओव," एवढंच म्हटलं. पुढची टीप वीतभर सरळ आली. ती काही बोलली नाही, तुकडा उलटा-सुलटा करून बघत राहिली. त्या आठवड्यात तिने चार अभ्रे शिवले. म्हणून खाली गुंता झाला की आधी वरचा दोरा काढा आणि फूट उचलून पुन्हा ओवा. बॉबिनकडे नंतर बघा.

मशीन न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवा, उजेड डावीकडून किंवा समोरून येईल असं. पुस्तिकेत तेल घालायला सांगितलं असेल तर शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला. खायचं तेल काही दिवसांत डिंकासारखं चिकटतं. सुई साधारण आठ तासांच्या शिवणीनंतर बदला, ती मोडायची वाट पाहू नका.

पहिल्या संध्याकाळी दोरा ओवूच नका. एक जुनी सुई लावा, वहीचा रेघांचा कागद फुटाखाली ठेवा आणि रेघेवर भोकं पाडत चला. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून फूट उचला, कागद वळवा, फूट खाली, पुन्हा पुढे. तीन-चार कागद झाले की पायाला वेग कळू लागतो. मग सुई बदला, दोन रंगांचे दोरे ओवा आणि सुती तुकड्यावर २, २.५, ३ आणि ४ अशा चार ओळी मारा. प्रत्येक ओळीशेजारी पेनाने लांबी, ताणाचा आकडा आणि सुईचा नंबर लिहा, आणि तो तुकडा मशीनच्या खणात ठेवून द्या.